आठवा दांडा

१४ नोव्हेंबर २०५२, गुरुवार. सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. बोल्ट बहात्तर.

मल्लिनाथ शेटे यांनी हे तपशील आपल्या वहीत उतरवले, खाली पट्टीने रेघ ओढली आणि मगच प्रयोगशाळेतील लाकडी पेट्यांची लाखेची मोहोर फोडायला संमती दिली. त्या मोहरेमागे चोवीस वर्षे होती, पाच अर्ज होते आणि एक माणूस होता. त्या माणसाचे नाव रमाकांत तोरसकर. त्याला तुरुंगात गेलेले पाहायचे आणि मगच आपण डोळे मिटायचे, असे शेट्यांनी वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी ठरवले होते. आता त्यांना एकाहत्तरावे चालू होते.

डॉ. मेहेरुन्निसा बागवान एकेक बोल्ट उचलून तबकात ठेवत होत्या. बोल्ट हातभर लांब आणि अंगठ्याच्या दुप्पट जाड होते. बाई तोंडाने मोजत होत्या आणि समोरचा संगणक ऐकलेल्या प्रत्येक आकड्यामागे एक नोंद करत होता. शेवटचा बोल्ट ठेवला गेला तेव्हा पडद्यावर एकाहत्तर हा आकडा दिसत होता.

"पेट्यांत बहात्तर होते," शेटे म्हणाले.

"बहात्तरच आहेत, काका. माझी खोड आहे ती. आमच्या अब्बांची सोलापुरात फळांची आडत. पहिल्या डागाला, म्हणजे पेटीला, ते 'एक' म्हणायचे नाहीत, 'बरकत' म्हणायचे. बरकत, दोन, तीन. माझ्याही तोंडात तेच बसलंय. पण या यंत्राला बरकत हा आकडा वाटत नाही."

त्या दिवशी शेटे पहिल्यांदाच हसले. "आमच्याकडे 'लाभ'. माझे वडील लातूरच्या भुसार बाजारात मापारी. पहिलं माप लाभ, मग दोन. मी अजून रक्तदाबाच्या गोळ्याही तशाच मोजतो. पण नोंद दुरुस्त करा. चोवीस वर्षांनी एका बोल्टाने खटला अडायला नको."

"करते की. मोजमाप तुमच्या रक्तातच आहे म्हणायचं."

"आहे म्हणूनच इथवर आलोय."

हे खोटे नव्हते. नोकरी सुटल्यावर शेट्यांनी वीस वर्षे एका तंत्रनिकेतनात मापनशास्त्र शिकवले होते. त्यांच्या हाताखालून गेलेली मुले मायक्रॉनच्या चुकीलाही घाबरत.

वाघजाईच्या पठारावर २०२८ साली पवनचक्क्या उभ्या राहत होत्या. मनोऱ्याचे दोन पोलादी नळकांडी भाग एकमेकांवर ठेवून बहात्तर बोल्टांनी जोडायचे असत. असा बोल्ट नुसता पाना लावून आवळत नाहीत. त्यावर एक जॅक बसवतात, तेलाच्या दाबाने बोल्ट रबरासारखा किंचित ताणतात आणि ताणलेल्या अवस्थेत त्याची चाकी, म्हणजे नट, घट्ट बसवतात. दाब सोडला की बोल्ट आखडू पाहतो आणि दोन्ही भागांना कायमचा धरून ठेवतो. मनोऱ्याचे सारे बळ त्या आखडण्यात असते.

८ मार्चला मनोरा क्रमांक सतरावर हे काम शेटे आणि तोरसकर यांना मिळाले. जोडीने काम करण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. शेटे वरच्या फळीवर जॅकपाशी, तोरसकर बारा फूट खाली हातपंपापाशी. मध्ये लोखंडी तक्तपोशी असल्यामुळे ते एकमेकांना दिसत नव्हते, बोलणे वॉकीटॉकीवर. दाबमापक तपासणीसाठी शहरात गेला होता, म्हणून साइट इंजिनिअरने शेट्यांना तात्पुरता नियम घालून दिला होता: पंपाचे आठ दांडे, म्हणजे दांडा आठ वेळा खाली दाबला, की हवा तेवढा दाब. शेट्यांनी वरून मोजायचे, तोरसकरने आकड्यासरशी दांडा मारायचा. एक बोल्ट झाला की पंपाचा व्हॉल्व्ह उघडायचा, जॅक पुढे सरकवायचा, व्हॉल्व्ह लावायचा आणि पुन्हा मोजणी. तोरसकर वेंगुर्ल्याचा. शिमगा तीन दिवसांवर होता आणि संध्याकाळी पाचची गाडी गाठण्यासाठी त्याची दुपारपासून घाई चालली होती. "शेटे, आटपा हो," हे वाक्य त्या दिवशी किती वेळा ऐकले, तेही शेट्यांनी नंतर वहीत आठवून लिहिले होते. सहा वेळा.

२ जूनच्या वळवात मनोरा त्याच सांध्यात उसवला आणि कोसळला. वरच्या खोलीत विजेच्या जोडण्या तपासणारा माणूस एकतीस वर्षांचा होता. त्याचे नाव संगमेश्वर शेटे. घरात सगळे त्याला संगू म्हणत. थोरल्या भावानेच, मल्लिनाथनेच, त्याला ही नोकरी लावून दिली होती.

चौकशी समितीने बोल्ट सैल असल्याचे नोंदवले. कामाच्या नोंदवहीत प्रत्येक बोल्टापुढे आठचा आकडा आणि दोघांच्या सह्या होत्या. म्हणून निष्कर्ष निघाला, 'कारण अनिश्चित'. शेट्यांच्या लेखी त्यात अनिश्चित काहीच नव्हते. आपण मोजले होते आठ. म्हणजे खाली बसलेल्याने दांडे खाल्ले होते, पाचच्या गाडीसाठी.

यानंतर शेट्यांनी सूडाचे काम हाती घेतले आणि ते इतर कोणत्याही कामाइतक्याच शिस्तीने केले. तोरसकर कुठे नोकरीला लागला हे कळले की आठ दिवसांच्या आत त्या कंपनीला पत्र जाई. चौकशी अहवालाची प्रत जोडलेली, खाली पूर्ण नाव, पत्ता आणि सही. निनावी पत्र त्यांनी कधीही लिहिले नाही आणि याचा त्यांना अभिमान होता. अशी दहा पत्रे गेली. अकरावे पत्र २०४१ साली कुडाळच्या एका घरी गेले. तोरसकरच्या मुलीचे तिथे लग्न ठरले होते. 'मुलीच्या वडिलांच्या हातून एक माणूस मेला आहे, एवढे आपणांस माहीत असावे.' लग्न मोडले. शेट्यांनी त्या दिवशी संगूच्या तसबिरीला नवा हार घातला.

आणि आता बोल्टांतला जुना ताण वाचणारे हे यंत्र आले होते.

"पोलाद विसरत नाही, काका," बागवानबाईंनी त्यांना पहिल्याच भेटीत समजावले होते. "बोल्ट ताणला की आट्यांच्या खोबणीत सगळ्यात जास्त ताण येतो. तिथले अणूंचे थर एकमेकांवरून किंचित घसरतात. दोन दांड्यांच्या मध्ये माणूस क्षणभर थांबतो, तेवढ्यात घसरलेले थर एकमेकांत अडकून एक बारीक भिंत तयार होते. पुढचा दांडा ती भिंत ओलांडून पुढची उभी करतो. झाडाच्या खोडात वर्षाचं वर्तुळ असतं ना, तशा या पायऱ्या. आम्ही क्ष-किरणांची केसाहून बारीक शलाका सोडून त्या मोजतो. मनोरा वाऱ्याने रोज हलतो त्याच्याही रेघा असतात, पण त्या धुळीसारख्या. पायऱ्या वेगळ्या कळतात."

वाचनाला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी बाईंनी आलेख समोर ठेवला.

"सात," त्या म्हणाल्या.

"कितव्या बोल्टाला?"

"सगळ्यांना. बहात्तरच्या बहात्तर. आणि पहिल्या दांड्यांत तेल बहुतेक नळीच भरतं, ताण थोडाच येतो; खरा वाढतो तो शेवटाला. हुकलेल्या आठव्या दांड्यात एकूण ताणाचा पाचवा भाग होता."

शेट्यांनी चष्मा काढून पुसला. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कडकडून भूक लागली होती.

"एक सांगू, काका? मला हे जरा विचित्र वाटतं. चुकार माणूस कधी सहा मारील, कधी आठ, कधी पाच. चुकारपणा इतका नियमित नसतो."

"ठरवून केलेला गुन्हा नियमितच असतो," शेटे म्हणाले. "सहीनिशी अहवाल द्या."

फेरचौकशी आयोगापुढची तारीख २ डिसेंबरची होती. अहवाल पोस्टानेही गेला असता. पण तोरसकरचा चेहरा पोस्टाने आला नसता. शेट्यांनी धुतलेला सदरा घातला आणि सकाळच्या गाडीने वेंगुर्ले गाठले.

बाजारामागच्या बोळात 'पंप दुरुस्ती' एवढीच पाटी होती. आत छत्तिशीची एक बाई डोळ्यांवर काळा चष्मा लावून वेल्डिंग करत होती. कोपऱ्यात खुर्चीवर एक वाळलेला म्हातारा रबरी वायसर निवडत बसला होता. शेट्यांनी त्याला हातांवरून ओळखले.

तोरसकरने मान वर करून बराच वेळ पाहिले. "शेटे," तो म्हणाला. "या. बसा. ऋचा, ह्यांका चाय दी गो."

बाईने चष्मा कपाळावर सरकवला. "लातूरचे शेटे? कुडाळला पत्र लिहिलं होतं ते?" तिने हात पुसले. "ते पत्र त्या लोकांनी आम्हाला वाचायला दिलं होतं. अक्षर चांगलं आहे तुमचं."

शेट्यांनी तिच्याकडे पाहिले नाही. उभ्या उभ्याच त्यांनी अहवाल टेबलावर ठेवला. हे वाक्य ते गाडीत पाचसहा वेळा मनाशी म्हणून आले होते. "सात. बहात्तर बोल्ट आणि प्रत्येकाला सातच दांडे. तू एकेक दांडा खाल्लास, तोरसकर. समन्स यायच्या आधी तुझ्या तोंडावर सांगावं म्हणून आलो."

तोरसकरने अहवाल वाचला. चेहरा पडला नाही. तो नुसताच कोड्यात पडल्यासारखा दिसला आणि शेट्यांना ते आवडले नाही.

"सात कसे होतील?" तो म्हणाला. "मी मोजत नव्हतो, शेटे. तुमचा आकडा आला की दांडा. तुम्ही आठ म्हणालात की थांबायचो. आठ ऐकले म्हणून आठवर सही केली."

"मी आठच मोजले."

"मग मोजा आता. पंप हा काय, तसलाच आहे. तुम्ही बाहेर ओट्यावर उभे राहा. तेव्हाही आपण एकमेकांना दिसत नव्हतो."

"नाटकं करायला आलो नाही मी."

"घाबरलात?" ऋचा म्हणाली.

शेटे ओट्यावर गेले. भिंतीकडे तोंड करून त्यांनी त्या दिवशीच्याच आवाजात, वाऱ्यावर मात करणाऱ्या आवाजात, मोजायला सुरुवात केली. "लाभ. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात. आठ."

आतून ऋचाचा आवाज आला. "सात झाले."

"पुन्हा," शेटे म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "लाभ. दोन. तीन..."

"थांबा," ती म्हणाली. "आत या तुम्ही. बाबा, हे 'लाव' म्हणतात तेव्हा तुम्ही काय करता?"

"व्हॉल्व्ह लावतो. लाव म्हटल्यावर व्हॉल्व्हच लावणार ना. ते पहिलं काम. मग दोनपासून दांडे."

शेटे दारात उभे होते. "लाव नाही," ते म्हणाले. "लाभ."

"लाभ म्हणजे?" तोरसकरने विचारले.

शेट्यांना बागवानबाईंचा पडदा दिसला. तबकात बहात्तर बोल्ट आणि पडद्यावर एकाहत्तर. त्यांनी स्वतःच तो आकडा दुरुस्त करायला लावला होता.

"लाभ म्हणजे एक," ते म्हणाले.

तोरसकरच्या मांडीवरचा वायसरांचा डबा कलंडला आणि रबरी चकत्या जमिनीवर घरंगळत गेल्या. आजवर त्याने शेट्यांना अहोजाहो केले होते. आता तो उभा राहिला तेव्हा त्याच्या ओठांवर त्याच्या गावची बोली होती.

"एकाक एक म्हणूक काय झाला हुता रे तुका?"

याचे उत्तर शेट्यांकडे होते. बापाच्या बाजारात पहिले माप उघड्या नावाने मोजत नाहीत, त्याला शुभ शब्द देतात, एवढेच ते उत्तर होते.

तोरसकर हळूहळू पुन्हा खुर्चीवर बसला. तो नेहमीच्या भाषेत बोलू लागला, पण 'तुम्ही' परत आले नाही. "हे कागदावर कुठेच नाही, शेटे. यंत्र सात म्हणतं. पंपावर मी होतो. तू गप्प बसलास की मी आत जातो. आम्हा दोघांचं कोण ऐकणार? आरोपी आणि आरोपीची मुलगी."

"गप्प नाही बसायचे ते," ऋचा म्हणाली. ती खाली बसून वायसर वेचत होती. "त्यांना लिहायची सवय आहे, बाबा. एखादं पत्र कुडाळलाही टाकतील. अकरा वर्षांनी, ज्याच्याशी माझं ठरलं होतं त्या माणसाची पोरं वाचतील."

चहाचा कप तसाच राहिला. त्यावर साय धरली होती.

परतीच्या गाडीत शेट्यांनी अहवाल मांडीवर ठेवला. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. बहात्तर बोल्ट, सात दांडे, पंपावर तोरसकर. २ डिसेंबरला उभे राहून एवढेच वाचायचे होते. शिक्षा झाली असती. संगूच्या तसबिरीखाली निकालाची प्रत लावता आली असती. आंबोलीचा घाट चढेपर्यंत त्यांनी हा विचार प्रामाणिकपणे तपासून पाहिला, कारण तो तपासल्याशिवाय टाकून देणे त्यांच्या स्वभावात बसत नव्हते. चोवीस वर्षे पोसलेला राग एका दुपारी कुठे जाणार? तो गेला नव्हता. तो गाडीभर माणूस शोधत हिंडत होता, आणि घाट संपता संपता त्याला माणूस सापडला.

शेट्यांनी वही उघडली. आरोपी बदलला म्हणून कामाची शिस्त बदलण्याचे कारण नव्हते. पुढचे तेरा दिवस ते आरोपपत्र लिहीत होते. इंजिनिअरचा नियम सांगताना जोडीदाराला एकूण आकडा सांगितला नाही, हा पहिला दोष. न दिसणाऱ्या माणसाशी बोलताना बाजारातला शब्द वापरला, हा दुसरा. प्रत्येक आकडा खालून परत म्हणवून घेतला नाही, हा तिसरा. वीस वर्षे मुलांना मापनातल्या चुका शिकवल्या आणि स्वतःची मोजणी एकदाही तपासली नाही, हा चौथा. इथपर्यंत पेन भराभर चालले. पाचव्या कलमापाशी ते थांबले. त्यांनी कपाटातून अकरा पत्रांच्या प्रती काढल्या, तारीखवार लावल्या आणि पुरावा म्हणून जोडल्या. कुडाळच्या पत्राची प्रत सर्वांत वर ठेवली. आपल्याशी इतके निर्दयपणे कोणी वागले असते तर त्याला त्यांनी माफ केले नसते. म्हणून त्यांनी स्वतःलाही केले नाही.

२ डिसेंबरला आयोगाच्या अध्यक्ष, एक निवृत्त न्यायाधीश बाई, यांनी अर्जदाराला बोलायला सांगितले. तोरसकर आणि ऋचा मागच्या बाकावर होते.

"आरोपीचे नाव बदलायचे आहे," शेटे म्हणाले.

"कोणाचे घालायचे?"

"अर्जदाराचे."

दालनात खुसपुस झाली. शेट्यांनी सव्वा तास बोलून सारे मांडले. त्यांनी आयोगापुढे हातपंप मागवून घेतला होता. आयोगाच्या एका शिपायाला पंपाचे काम दाखवून पंपावर बसवले आणि पडद्याआडून लाभ, दोन, तीन म्हटले. शिपाई साताऱ्याचा होता. त्यानेही व्हॉल्व्ह लावला आणि सातच दांडे मारले.

"तुम्हाला शिक्षा हवी आहे, असं तुमच्या कागदावरून दिसतं," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"हो. कलमे लिहून दिली आहेत."

"शिक्षा मागून मिळत नाही, शेटे. हेतू नसताना घडलेल्या मोजणीच्या चुकीला आम्ही ती देऊ शकत नाही. आणि पत्रांबद्दल फिर्याद करायची तर ती तोरसकरांनी करायची."

सगळ्यांनी मागे पाहिले. तोरसकर उठला. "मला काही करायचं नाही," तो म्हणाला. "त्याच्यासाठी परत वीस वर्षं घालवायला मी मोकळा नाही."

शेट्यांना शिक्षेहून ते वाक्य जड गेले. तोरसकर निर्दोष सुटला. मनोरा जोडणीच्या पुस्तिकेत दोन वाक्ये घालण्याचा आदेश झाला आणि ती लिहून देण्याचे काम शेट्यांवरच आले. मोजणी 'एक' या शब्दानेच सुरू करावी. खालच्या माणसाने प्रत्येक आकडा मोठ्याने परत म्हणावा, आणि तो परत येईपर्यंत वरच्याने पुढचा उच्चारू नये.

बाहेर पायऱ्यांवर ऋचा त्यांना ओलांडून पुढे गेली, दोन पायऱ्या उतरून थांबली आणि वळली. "दांड्यांचं फेडलंत," ती म्हणाली. "पत्रांचं राहिलंय."

ते राहिले होते हे शेट्यांना माहीत होते. घरी येऊन त्यांनी जुनी यादी समोर घेतली. ज्या ज्या पत्त्यावर तोरसकरविरुद्ध पत्र गेले होते, त्या प्रत्येक पत्त्यावर त्यांनी दुसरे पत्र लिहिले. चूक कोणाची होती, कशी घडली आणि आपण काय केले. पूर्ण नाव, पत्ता आणि सही. दोन कंपन्या केव्हाच बंद पडल्या होत्या, त्यांनाही लिहिले. कुडाळला लिहायला तीन दिवस लागले. बारावे पत्र वेंगुर्ल्याला ऋचाच्या नावाने गेले. त्यात त्यांनी क्षमा मागितली नाही, कारण मागितली की देण्याचे ओझे तिच्यावर पडले असते. त्यांनी फक्त काय घडले ते तारीखवार लिहिले.

मार्च आला. पुस्तिकेची नवी आवृत्ती आली. तिच्या प्रतीबरोबर बागवानबाईंचा निरोप होता: नव्या पठारावरच्या पहिल्या मनोऱ्याचे बोल्ट वाचले, सगळे आठ आहेत, काका. शेट्यांनी ते वाचले आणि बाजूला ठेवले. त्यांना हवे असलेले टपाल ते नव्हते.

ते शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी आले. वेंगुर्ल्याचा शिक्का, एक कार्ड आणि दोन ओळी.

'पत्र पोचलं. अक्षर अजून चांगलं आहे.'

ती दाद आहे की टोमणा, हे त्यांनी बराच वेळ तपासून पाहिले. मग वही उघडून यादीच्या तळाशी पट्टीने रेघ ओढली आणि आलेली उत्तरे मोजण्यासाठी कार्डावर बोट टेकवले. जीभ सवयीने टाळूकडे गेली. ती त्यांनी तिथेच थांबवली, आणि एकाहत्तर वर्षांत पहिल्यांदा नीट उच्चारून मोजले.

पाठवलेली पत्रे : बारा.

आलेली उत्तरे : एक.